अर्धा धवला

आमच्या घरात बांधावरून भांडणं झाली, सामाईक आंब्यावरून झाली, एकदा तर कोंबडा कोणाचा यावरून शेजाऱ्यांशी उन्हाळाभर अबोला होता. पण निबंधावरून सगळं घर हमरीतुमरीवर आलं, असं एकदाच घडलं. बारावीची परीक्षा नुकती आटोपली होती. शहापूरच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या पाठारे मॅडमनी मला बोलावून पुण्याच्या एका कॉलेजचा अर्ज हातात ठेवला. तिथे मुलींचं वसतिगृह होतं, आणि खेड्यातून येणाऱ्या थोड्या मुलींच्या राहण्याजेवण्याचा भार कॉलेजच उचलणार होतं. गुण तर बघणार होतेच, पण अर्जासोबत एक निबंध मागितला होता. विषय असा, की मला प्रेरणा देणारी किंवा जिच्याविषयी कुतूहल वाटतं अशी एक स्त्री. मॅडम म्हणाल्या, निवड होईल ती यावरच होईल, तेव्हा जीव ओतून लिही. मी मान डोलावली. जीव ओतायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

आमचं गाव कसाऱ्याच्या अलीकडे, डोंगराला टेकून. घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून जादा इंजिन लावत, त्याचा धापा टाकल्यासारखा आवाज आमच्या ओटीवर ऐकू यायचा. बाबा रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या टोळीत होते. जेवताना घास हातात धरून ते तो आवाज ऐकायचे, ‘आज भारी हाय’ एवढं म्हणायचे आणि घास तोंडात घालायचे. बाबांचं दिवसाचं बोलणं साधारण तेवढंच. उरलेलं सगळं आई बोलायची. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आसनगावच्या एका कंपनीत लागला होता आणि त्या मानाने घरात जरा जास्तच मान मागत होता. चौथी होती भागीआत्या, बाबांची धाकटी बहीण. त्या दिवसांत शेतात राब भाजायचं काम चालू असायचं. पेरणीआधी जमिनीवर शेण, पाला, काट्याकुट्या पसरून जाळतात, तोच राब. त्याच्या धुराचा वास कपड्यांना, केसांना, अगदी भाकरीलाही लागायचा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, बिरडं नसेल तेव्हा सुकटीची चटणी, आणि दुपारी आत्याने पदरातून आणलेली करवंदं. पुढे मी बऱ्याच ठिकाणी, बऱ्याच चांगल्या पंगतींना जेवले. पण भूक लागली की अजून डोळ्यांपुढे येतं ते हेच ताट.

तर निबंधाची बातमी घरात पसरली आणि प्रत्येकाने आपापली बाई पुढे केली. बाबांचं मत होतं, देशाचं राज्य चालवलेल्या बाईंवर लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला नाही म्हणता येणार नाही. दादाने एका धावणाऱ्या मुलीचं नाव सांगितलं, कारण पेपरात आलेला तिचा फोटो त्याने कापून ठेवला होता आणि तो चिकटवता आला असता. आईला हे दोन्ही पटलं नाही. ती म्हणाली, “माझ्यावर ल्ही की गो. लांब कशाला जातेस?” दादा हसून म्हणाला, तुझ्यापासून कसली प्रेरणा घ्यायची? आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “एक दिस मी उठत नाय. मग बगू घरात कोनाला काय प्रेरना येते.” भागीआत्या कोपऱ्यात सुपात तांदूळ निवडत होती. तिने कोणाचंच नाव सुचवलं नाही, आणि तिला कोणी विचारलंही नाही.

मी बाबांचं ऐकलं. पाठ्यपुस्तकातली वाक्यं थोडी इकडची तिकडे करून चार पानं भरली आणि मॅडमना नेऊन दाखवली. मॅडमनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं नुसतं उलटलं. रागावल्या नाहीत. चहा मागवला आणि म्हणाल्या, हे तू लिहिलंस काय आणि दुसऱ्या कोणी लिहिलं काय, फरक कळणार नाही. मग त्यांनी विचारलं, “जिच्या ताटातलं तू खाल्लं आहेस, अशी एखादी बाई नाही का तुझ्याकडे?” परत येताना एसटीत मी तेवढाच विचार करत होते, आणि गाव यायच्या आत उत्तर सापडलं होतं. सापडलं म्हणजे काय, ते घरातच होतं. लहानपणी मी आईच्या ताटात कधी जेवले नाही. आई सगळ्यांना वाढून शेवटी बसायची, तोवर मला झोप यायची. मी जेवायचे ती आत्याच्या मांडीवर, आत्याच्या ताटात. आज माझं जे काही झालं आहे त्याचं बोट धरून मागे जायचं ठरवलं, तर मी पाठारे मॅडमच्या त्या एका प्रश्नापाशी जाऊन उभी राहते. त्यांचे उपकार फेडायचे राहिलेच.

भागीआत्याबद्दल कुतूहल वाटावं असं पुष्कळ होतं, पण ती डोळ्यांसमोरच असल्याने मला ते कधी वाटलं नव्हतं. तिला लहान वयात मुरबाडकडच्या एका घरी दिलं होतं. तिथल्या लोकांनी येऊन, बघून, पसंत करून नेली. वर्ष व्हायच्या आत नवऱ्याने बैलगाडीतून परत आणली, वेशीवरच्या चिंचेखाली उतरवली आणि गाडी वळवली. कारण त्याने सांगितलं नाही, आणि आत्यानेही कधी सांगितलं नाही. नवरा जिता होता म्हणून तिने कुंकू पुसलं नाही, आणि कुंकू होतं म्हणून गावाला तिला विधवांत धरता येईना. अशी ती कुठल्याच रकान्यात न बसणारी बाई आमच्या घरी आली, आणि पुढे आसपासच्या गावांची धवलारीण झाली. हल्लीच्या मुलांना धवलारीण सांगावी लागते. आमच्याकडे लग्नाचे विधी जी गाऊन पार पाडते ती बाई, आणि ती गाते ते धवले. जात्यावर हळद दळण्यापासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला वेगळा. भटजी येतो, घड्याळ बघतो, अक्षता पडतात, पण धवला झाल्याशिवाय लग्न लागलं असं आमच्या बायाबापड्या मानत नसत. जिचा स्वतःचा संसार वर्षभर टिकला नाही, तिच्या तोंडून धवला निघाल्याशिवाय कोणाचा संसार सुरू होत नव्हता. गावात यावर कोणी हसलं नाही की कोणी रडलं नाही. चालत आलं होतं, चालत राहिलं.

मी वही घेऊन तिच्यामागे लागले. प्रश्न विचारले की ती उत्तर द्यायची नाही, काम द्यायची. तू पहिला धवला कोणाकडून शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, त्या पाट्याखाली फडका घाल आधी. शेवटी वैतागून म्हणाली, सांगता येत नाय मला, संगती चल. मग त्या वैशाखात मी तिच्याबरोबर डोळखांबकडच्या पाड्यांवर, शहापूरच्या आसपासच्या गावांत लग्नांना गेले. ती ओळ टाकायची आणि मागे बसलेल्या दोघी ती झेलायच्या, तशी मीही झेलू लागले. आवाज मोठा नव्हता तिचा. पण मांडवात कितीही गलका असो, तिने सुरू केलं की नवरीची आई पदर तोंडाला लावायची आणि बाकी सगळं आपोआप गप्प व्हायचं. मानाचं लुगडं, नारळ आणि सूपभर तांदूळ घेऊन आम्ही परत यायचो. वाटेत ती नवरीच्या घरच्या वरणापासून नवऱ्याच्या मामाच्या मिशीपर्यंत सगळ्यांची अशी काही नक्कल करायची, की मला हसून हसून रस्त्यात बसावं लागायचं. हसरी होती आत्या, हे मुद्दाम लिहून ठेवते. तिची गोष्ट ऐकली की लोक चेहरा पाडतात.

आता माझा घोळ. हळदीच्या धवल्यात नवरीचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि गावदेवीचं नाव गुंफतात. निबंधात ते कसं गुंफतात हे मला लिहायचं होतं. एका दुपारी आत्या ओटीवर पडली होती आणि मी तिच्या पायाशी बसून हळू आवाजात चाल आठवत होते. नावाच्या जागी काहीतरी घालायला हवं म्हणून मी माझंच घातलं, पुढे बाबांचं घातलं, आणि चाल बरोबर बसते आहे असं बघून खूश होऊन जरा मोठ्याने गायला लागले. आत्या ताडकन उठली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता. आई पाण्याची कळशी घेऊन अंगणात उभी होती, आणि तिच्यामागे शेजारची काकू. लग्न नसताना धवला गात नाहीत, हे मला माहीत होतं. पण मी काही गात नव्हते, मी अभ्यास करत होते, असं मला वाटत होतं. काकूला तसं वाटलं नाही. जिच्या नावाने हळद गायली तिचं लग्न ठरलंच, अशी आमच्याकडे समजूत. पोरीने आपल्या तोंडाने आपल्या नावाची हळद गायली, ही बातमी संध्याकाळपर्यंत वरच्या आळीला पोचली, आणि तिथून पुढे तिला एसटीचीही गरज लागली नाही.

त्यातच मुरबाडकडून स्थळ आलं, आत्याच्या सासरचं नव्हे, दुसऱ्याच घरातलं. मुलगा नोकरीला होता, घरची भातशेती होती, माणसं भली वाटत होती. नावं ठेवायला जागा नव्हती, हीच मोठी पंचाईत होती. वाईट स्थळाला नाही म्हणता येतं, चांगल्या स्थळाला कसं म्हणायचं? आईचं म्हणणं होतं, देवानेच पोरीच्या तोंडून काढून घेतलं. बाबा काही म्हणत नव्हते, पण सुपारी फोडायचा, म्हणजे लग्न पक्कं करायचा दिवस त्यांनी ठरवला. शिकायचं असेल तर ती माणसं शिकू देतील, असं दादाने मला समजावलं. ते त्याला खरंच वाटत होतं. मी अर्ज भाताच्या कणगीमागे ठेवून दिला आणि दोन वेळा जेवले नाही. त्यावर आई म्हणाली, हळदीआधी पोरी जेवत नायतच. परवा दादाची नात मोबाइल घेऊन आली होती, कुठल्याशा कॉलेजच्या अर्जासाठी तिलाही असाच निबंध लिहायचा आहे म्हणून. ही गोष्ट ऐकून ती म्हणाली, मग तू सरळ नाही का म्हणाली नाहीस? तिला काय सांगणार. नाही हा शब्द तेव्हा आमच्या घरात फक्त जेवण पुरे झालं की वापरायचे.

सुपारीच्या दिवशी ओटीवर चटया अंथरल्या. मुरबाडची माणसं आली. मुलाचे वडील, काका, आणि त्यांच्याबरोबर त्यांची एक म्हातारी आत्या, जिच्या शब्दाला सगळे मान देत होते. चहा झाला, पोहे झाले. म्हातारी कौतुकाने म्हणाली, पोरीनेच धवला धरलाय असं आमच्या कानावर आलंय, मग आता धवलारणीनेच हळदीचा दिवस सांगावा. धवलारीण घरातलीच, म्हणजे दुधात साखर. सगळे हसले. मी दाराआड उभी होते. भागीआत्या उंबऱ्याजवळ बसली होती, तिने पदर नीट केला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “धवला अर्धा हाय तिचा. मी तोंड दाबलं म्हनून अर्धा ऱ्हायला. आता तो पुरा करनं माझ्याकडं हाय, नि मी इतक्यात करनार नाय.”

म्हातारीने सावरून घ्यायला म्हटलं, मग आमच्याकडची धवलारीण आणू, त्यात काय. आत्या म्हणाली, “आना. पन एकीनं अर्धा टाकलेला धवला दुसरी उचलत नाय. इचारा तुमच्या धवलारनीला.” आई आतून बाहेर आली आणि हातातलं ताट खाली ठेवून म्हणाली, “वन्सं, असा नेम मी जन्मात ऐकला नाय.” आत्या म्हणाली, “आता ऐकलास ना?” असा नेम खरंच होता की तिने तिथल्या तिथे केला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे मी दोनतीन म्हाताऱ्या धवलारणींना विचारलं. एक हो म्हणाली, एक नाही म्हणाली, आणि तिसरी म्हणाली, भागी म्हणाली का? मग असेल.

सगळे बाबांकडे बघायला लागले. सुपारी त्यांच्यासमोर पाटावर होती. बहिणीला मुरबाडकडे तिच्या सासरी द्यायचं बाबांच्या वडिलांनी ठरवलं होतं, पण लग्नात तिला उचलून मांडवात आणणारे बाबा होते, आणि चिंचेखालून घरी आणणारेही तेच. त्यांनी पाट हळूच बाजूला सरकवला. मग मुलाच्या वडिलांना म्हणाले, “पाहुनं, राग मानू नका. माझ्या बहिनीनं गायलं नाय तं माझ्या दारात लगीन नाय.” एका दमात एवढं बोललेले बाबा मी तोवर पाहिले नव्हते. पाहुणे भले होते हे त्या दिवशीही दिसलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. म्हातारी मात्र उठता उठता म्हणाली, जिचं घर उठलं ती दुसऱ्यांची कशी बसू देईल. हे आत्याने ऐकलं, आम्हीही ऐकलं. त्या वर्षी मुरबाडकडून तिला एकही बोलावणं आलं नाही, आणि इकडच्याही काही घरांनी नाट लागेल म्हणून दुसरी धवलारीण बोलावली. लुगडी आली नाहीत, तांदूळ आले नाहीत. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. हळूहळू लोक विसरले, कारण तिच्यासारखं गाणारी दुसरी नव्हती.

मला पुण्याला प्रवेश मिळाला आणि बाबांनी जाऊ दिलं, हे इथेच सांगून टाकते. मी शिकले, शिकवलं, आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. आईचा राग पहिल्या सुट्टीपर्यंत टिकला. सुट्टीत मी आले तेव्हा तिने सबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, तिकडं भाकरी देतात का गो, आणि उत्तराची वाट न बघता पुढ्यात ताट ठेवलं. लग्न मी पुष्कळ उशिरा केलं, माझ्या पसंतीने, त्याची गोष्ट वेगळी आहे. पण माझ्या मनात राहिलेला प्रसंग त्याआधीचा, अर्ज पाकिटात घालण्याच्या दिवसाचा आहे. तो लिहिला की मग माझ्याकडे या काळाविषयी सांगण्यासारखं काही उरत नाही.

पाहुणे गेल्यावर मी कणगीमागचा अर्ज काढला आणि निबंध नव्याने लिहिला. तीन पानं झाली. त्यात चिंच होती, बैलगाडी होती, मांडवातलं गाणं होतं आणि पाहुण्यांसमोर ती जे बोलली तेही होतं. दादा शहापूरला जाणार होता, त्याच्याकडे पाकीट द्यायचं होतं. मी आत्याला म्हटलं, तुझ्यावर लिहिलंय, तुला वाचून दाखवते. ती परसात वाल सोलत होती. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. माझ्यावर काय ल्हिनार, मी काय केलंय, असं पुटपुटत ती सोलत राहिली आणि मी वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानापर्यंत तिचे हात चालू होते. बैलगाडीचं आलं तिथे थांबले. मला वाटलं, हे लिहायला नको होतं, आणि मी वाचायची थांबले. तिने हातानेच खूण केली, पुढे वाच. मी शेवटपर्यंत वाचलं.

मग तिने विचारलं, हे किती मानसं वाचतील? मी म्हटलं, तिथले दोनचार प्राध्यापक. ती म्हणाली, “पुन्यात?” मी म्हटलं, हो, पुण्यात. तिने वालाच्या साली पदरावरून झटकल्या आणि म्हणाली, “इतक्या बाया हायत दुनियेत. राज्य चालवनाऱ्या, पळनाऱ्या. नि तू मला निवडलंस.” तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. मग माझ्या हातातल्या कागदांकडे बघत ती म्हणाली, “एकदा मला पसंत करून नेली नि परत आनून टाकली. आता तू नेतेस, तं परत आनू नको.”

मी कागद पाकिटात घातले आणि दादाकडे दिले.